खिन्न किशोरांची शारीरिक क्षमता : मोजावी कशी आणि कशासाठी?

पावसाळा सरला, मैदानावरचे शेवाळ वाळून खरवडले गेले, की मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील शाळांना शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांसाठी सवड मिळते. शिक्षक हाती घड्याळ घेऊन उभे राहतात. दोनशे मीटरच्या आखणीभोवती मुले तीन फेऱ्या धावतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे ६०० मीटरची वेळ नोंदली जाते. समजा, नववीतील एक मुलगा दुसऱ्या फेरीतच चालू लागला, तिसरी फेरी पुरी न करताच गड्याच्या सावलीत जाऊन बसला. नोंदवहीत ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो आणि पुढच्या मुलाचे नाव पुकारले जाते. गतवर्षी हाच मुलगा कबड्डीच्या संघात चढाईला जात होता, ही गोष्ट नोंदवहीच्या त्या रकान्यात कोठेच नसते.

या ‘अपूर्ण’ शब्दाचा अर्थ काय समजावयाचा? मुलाचा दम कमी पडला, की त्याच्या अंगात रक्त कमी आहे? की दम होता, रक्तही होते, परंतु धावण्याची इच्छाच आतून विझली होती? घड्याळ या तिन्ही प्रकारांत एकच आकडा दाखविते. शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने हा बारकावा किरकोळ वाटेल. परंतु तिसरी शक्यता खरी असेल आणि ती कोणाच्याच ध्यानी आली नाही, तर आपण एका आजारी मुलाला ‘आळशी’ ठरवून घरी पाठविलेले असते.

खिन्नतेचे रूप

नैराश्य हा स्वभावदोष नव्हे, तो आजार आहे. किमान दोन आठवडे सतत उदासी किंवा कशातही रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, हालचालींतील मांद्य, एकाग्रता न होणे, स्वतःविषयी अपराधी भावना आणि क्वचित मरणाचे विचार, ही त्याची लक्षणे होत. किशोरवयात मात्र उदासीऐवजी चिडचिड पुढे येते आणि त्यामुळे घरच्यांची दिशाभूल होते. आपल्याकडे मुलगा ‘मी खिन्न आहे’ असे म्हणत नाही. ‘कायच करूक नको वाटता’, ‘अंगात जीव नाय’ असे म्हणतो. म्हणजे मनाचे दुखणे तो शरीराच्या भाषेत सांगतो. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाकडे ते सर्वांत आधी पोहोचण्याचा संभव आहे तो यामुळेच.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के, तर ग्रामीण भागात ६.९ टक्के होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि या आकड्यांत नैराश्याबरोबर इतर विकारही आले आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही ग्रामीण भागातील आकडा पाहता शंभर मुलांच्या शाळेत असे सहा-सात विद्यार्थी असू शकतात, एवढे त्यावरून म्हणता येते.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे मिळून झालेला कोकण विभाग शालान्त परीक्षेच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात अग्रभागी राहिला आहे. हा सार्थ अभिमानाचा विषय आहे. परंतु दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताच्या जादा तासासाठी देऊन टाकण्याची रीतही त्याच अभिमानातून आली आहे, हे कबूल केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक मानली आहे. २०१६ च्या माहितीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के आणि भारतातील सुमारे ७४ टक्के मुले तेवढी हालचाल करीत नव्हती.

शरीर व मन यांचा हिशोब

क्षमता आणि नैराश्य यांचा संबंध असल्याचे अनेक देशांत दिसून आले आहे. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करी भरतीच्या वेळी अठरा वर्षांच्या तरुणांची हृदय-श्वसन क्षमता सायकलयंत्रावर मोजली जात असे. अशा सुमारे ११ लाख तरुणांच्या नोंदी पुढील अनेक वर्षांच्या रुग्णालयीन नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. त्याचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षी ज्यांची क्षमता कमी होती त्यांना पुढे तीव्र नैराश्य येण्याचा धोका अधिक क्षमतेच्या तरुणांच्या जवळजवळ दुप्पट होता. यावरून कमी क्षमतेमुळेच नैराश्य येते असे मात्र सिद्ध होत नाही. घरची परिस्थिती, आनुवंशिकता, आधीपासूनच असलेली सौम्य खिन्नता या गोष्टी दोहोंच्या मुळाशी असू शकतात.

आपल्या शाळांना अधिक उपयोगी पडेल असा दुसरा अभ्यास इंग्लंडमधील ब्रिस्टॉल परिसराचा आहे. तेथील चार हजारांहून अधिक मुलांच्या हालचाली बाराव्या, चौदाव्या व सोळाव्या वर्षी कमरेला लावलेल्या यंत्राने मोजल्या आणि अठराव्या वर्षी नैराश्याची लक्षणे तपासली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बसून राहण्याचा वेळ जेवढा जास्त तेवढी पुढील लक्षणे जास्त, असे आढळले. बाराव्या वर्षी रोज एक तास अधिक हलकी हालचाल करणाऱ्यांत लक्षणांचे गुण सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. हलकी हालचाल म्हणजे धावणे नव्हे. पायी शाळेत जाणे, घरकाम, बाजारहाट एवढेच. वाडीतून घाटी चढून शाळेत येणाऱ्या, सकाळी माडाच्या आळ्यांना पाणी घालणाऱ्या मुलीची हालचाल कोणत्याही क्रीडा नोंदवहीत येत नाही. ती मोजमापात धरली पाहिजे.

उपचाराच्या बाजूने पाहता, तेरेखोलपलीकडील गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. तेथे ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित, परंतु डॉक्टर नसलेल्या सल्लागारांकडून तीव्र नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना मदत दिली. रुग्णाने थांबविलेली रोजची कामे व आवडी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करावयाच्या, हा तिचा गाभा होता. ही पद्धत परिणामकारक ठरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. किशोरांसाठी ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही, परंतु ‘आधी बरे वाट, मग हालचाल कर’ हा क्रम उलटाही चालतो, एवढे तिने दाखविले आहे.

नेहमीच्या चाचण्या येथे का अपुऱ्या पडतात

शारीरिक क्षमतेच्या मापनाचा इतिहास मोठा आहे आणि महाराष्ट्रास तो परका नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ पासून कार्य करीत आले आहे. १९५९-६० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली. हार्वर्डची पायरी चाचणी १९४३ ची, कूपर यांची बारा मिनिटांची धाव १९६८ ची. माँट्रियलच्या लेजे यांची वीस मीटरची ये-जा धाव १९८० च्या दशकात रूढ झाली. २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाल्यानंतर नऊ वर्षांवरील शालेय मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणे, अर्धी उठाबैठक, दंड आणि उंची-वजनाचा निर्देशांक अशी चाचणीमाला शाळांना परिचित झाली.

यांपैकी दमश्वास मोजणाऱ्या बहुतेक चाचण्यांचे गृहीत एकच आहे : परीक्षार्थी आपली सर्व शक्ती पणास लावील. लेजे यांच्या धावेत पहिल्या मिनिटाचा वेग ताशी ८.५ किलोमीटर, म्हणजे वीस मीटरला सुमारे साडेआठ सेकंद असतो. नंतर दर मिनिटाला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो. शेवटची दोन-तीन मिनिटे पाय दुखत असताना केवळ जिद्दीने धावावयाची असतात. नैराश्यात नेमकी ही जिद्दच आजाराने पोखरलेली असते. त्यामुळे मिळणारा आकडा हृदय-फुप्फुसांचा किती आणि मनाचा किती, हे वेगळे करता येत नाही. शिवाय या धावेत सर्वांसमक्ष एकेक मूल बाद होत जाते. प्रथम बाद होण्याची लाज खिन्न मुलाला पुढच्या खेळाच्या तासाला दांडी मारावयास पुरेशी असते. अशा मुलांवर ही चाचणी वर्गासमोर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरावीक काम, नाडीचा आकडा

यावर उपाय अवघड नाही. सर्व शक्ती मागण्याऐवजी सर्वांना झेपेल असे ठरावीक काम द्यावयाचे आणि त्या कामाला शरीराने काय किंमत मोजली ते नाडीवरून पाहावयाचे. वायएमसीए संस्थेने रूढ केलेली तीन मिनिटांची पायरी चाचणी यासाठी सोयीची आहे. पायरीची उंची १२ इंच, म्हणजे सुमारे साडेतीस सेंटिमीटर असावी. जांभ्याचे चिरे पक्के बसवून अशी पायरी कोणत्याही शाळेत करता येते. मात्र ती टेपने मोजून घ्यावी, अंदाजाने नव्हे. उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली अशा चार ठोक्यांची एक चढ-उतार. मिनिटाला ९६ ठोके, म्हणजे २४ चढ-उतार. तीन मिनिटांत अशा ७२ होतात आणि मूल सुमारे २२ मीटर, एखाद्या उंच माडाएवढे चढून उतरते. ठोक्यांसाठी मोबाईलमधील तालयंत्र चालते. गावात भजनी मंडळांची वाण नाही, परंतु पखवाजावरील ठेका रंगात आला की वाढतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

तीन मिनिटे पुरी होताच मुलाने खाली बसावे आणि पाच सेकंदांच्या आत शिक्षकाने मनगटावरील नाडी मोजण्यास सुरुवात करून पूर्ण एक मिनिट मोजावी. दहा सेकंद मोजून सहाने गुणण्याची सवय सोडावी. एका ठोक्याची चूक त्यात सहा ठोक्यांची होते.

समजा, त्या नववीतील मुलाची नाडी पहिल्या वेळी १२६ भरली आणि आठ आठवड्यांनी, त्याच पायरीवर, त्याच तालात ११४ भरली. काम तेच राहिले, ठोके बारा कमी झाले. मूल उत्साहात होते की मरगळलेले, याने या फरकाचा उलगडा होत नाही, कारण अधिक जोर लावण्यास येथे वावच नव्हता. जिद्दीचा प्रश्न अशा रीतीने मोजमापातून बराचसा वगळला जातो.

पूर्णतः मात्र नाही. भीती, ताप, चहा, उष्मा यांनी नाडी वाढते. औषधांचा परिणाम तर शिक्षकांना सहसा माहीतच नसतो. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन या जुन्या नैराश्यविरोधी औषधांनी नाडी जलद होते, तर घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलने ती मंद राहते. मधल्या काळात औषध बदलले असेल, तर दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. काही औषधांनी वजनही वाढते. म्हणून वजनाच्या निर्देशांकावरून अशा मुलास काही सुनावू नये. जेवण टाळणाऱ्या मुलीचे वजन तर सर्वांसमक्ष कधीच घेऊ नये.

नाडीबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : ‘किती जड गेले?’ स्वीडनचे बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे श्रमाची परिसीमा. निरोगी तरुण प्रौढांत हा आकडा दहाने गुणला की साधारणपणे नाडीच्या जवळ येतो. किशोरांत हे सूत्र तंतोतंत लागू नाही, तरी अंदाजास पुरते. आता नाडी १२० आणि मूल म्हणते ‘१७’, असे घडले तर? शरीराच्या हिशोबाने काम मध्यम होते, परंतु मुलाला ते अतिशय जड गेले. हे अंतर म्हणजे निदान नव्हे. परंतु असे मूल खोटे बोलत नाही, त्याला खरोखरच तसे जाणवते, एवढे शिक्षकाने मानले तरी त्याच्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

ज्यांना पायरीही जड वाटेल त्यांच्यासाठी सहा मिनिटांची चाल आहे. तीस मीटरची सरळ रेषा आखून सहा मिनिटांत मूल किती मीटर चालले ते मोजावयाचे. शाळेच्या व्हरांड्यात ती घेता येते आणि पावसातही बंद पडत नाही. स्नायूंच्या ताकदीसाठी जागेवरून लांब उडी दोन वेळा घेऊन सरस उडी नोंदवावी. क्षणभराचे काम असल्याने त्यात जिद्दीचा वाटा कमी राहतो. पकडीची ताकद मोजण्याचे यंत्र असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही.

जागेची, वेळेची व रक्ताची पडताळणी

किनाऱ्यावरील शाळांना एक मोह असतो : समोर तारकर्लीसारखी विस्तीर्ण पुळण असताना मैदान कशाला शोधा? परंतु मऊ वाळूवर धावण्यास कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट आणि चालण्यास दुपटीहून अधिक शक्ती लागते. ओल्या व सुक्या वाळूत पुन्हा फरक. पुळण खेळावयास उत्तम, मोजावयास नव्हे. ये-जा धाव घ्यावयाचीच असेल तर कबड्डीचे मैदान अपुरे पडते. खो-खोच्या २७ मीटरच्या मैदानात वीस मीटरची रेषा आरामात बसते. वेळ सकाळची ठेवावी. एक चाचणी जानेवारीच्या गारव्यात आणि दुसरी मे महिन्याच्या दमट उन्हाळ्यात घेतली, तर मोजला जातो तो ऋतू.

सर्वांत महत्त्वाची पडताळणी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने दम लागतो, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. नैराश्याचीच ही छाया वाटावी. किशोरवयीन मुलींत व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि पंधरा वर्षांवरील मुलांत १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय मानतात. तेव्हा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या वेळी, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, ही तपासणी आधी करून घ्यावी. थायरॉईडच्या विकाराची शंका डॉक्टरांनी पाहावी. दमा अथवा हृदयविकार असलेल्या मुलाची चाचणी त्यांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये आणि छातीत दुखणे, चक्कर, घाबरे होणे यांपैकी काहीही दिसल्यास ती तत्काळ थांबवावी.

शिक्षकाची मर्यादा, पंचायतीचे काम

पायरीवरील नाडी नैराश्य ओळखू शकत नाही. नैराश्याच्या लक्षणांसाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली जगभर वापरतात, परंतु तीही चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यातील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःस इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. ज्या शाळेत होकारार्थी उत्तरानंतर त्याच दिवशी काय करावयाचे हे ठरलेले नाही, तिने ही प्रश्नावली वाटू नये. असे उत्तर आले तर मुलास एकटे सोडू नये, पालकांना बोलावून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. पुढील उपचारांसाठी ग्रामीण रुग्णालय, ओरोस येथील जिल्हास्तरीय रुग्णालय आणि रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय अशी वाट आहे. गावात प्रथम ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घातले जाते. त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. गाऱ्हाणे घालून परत येतानाच आरोग्य केंद्राची पायरी चढावी, एवढे सरपंचांनी व पोलीस पाटलांनी सांगितले तर शिक्षकापेक्षा त्यांचे अधिक ऐकले जाईल.

व्यायाम हा उपचाराचा जोड आहे, पर्याय नव्हे. ‘रोज पळ, आपोआप बरा होशील’ असे सांगून औषध बंद करावयास लावणे घातक आहे. नॉटिंगहॅम येथे नैराश्यावर उपचार घेणाऱ्या ८७ किशोरांवर झालेला व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. त्यांतील एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सहा आठवडे, स्वतःला आवडेल तेवढ्याच जोराचा व्यायाम दिला. सहा आठवड्यांच्या अखेरीस दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तो दिसला सहा महिन्यांनी. महिनाभरात आकडे बदलले नाहीत म्हणून नाउमेद होणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

नोंदींच्या गुप्ततेविषयी ढिलाई चालणार नाही. मानसिक आजाराविषयीची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास दिला आहे. लहान गावात तर एक शेरा पुढे सोयरिकीपर्यंत पोहोचतो. म्हणून क्षमतेच्या नोंदवहीत आजाराचा उल्लेख असू नये. पायरीची चाचणी सर्व वर्गाची घ्यावी, निवडक मुलांची नव्हे, म्हणजे कोणी वेगळे पडत नाही. पालकांची संमती लेखी घ्यावी, परंतु मुलाचीही तोंडी विचारावी. त्याने नको म्हटले तर त्या दिवशी त्याला घड्याळ धरण्याचे काम द्यावे.

ग्रामपंचायतीकडून फार मोठी अपेक्षा नाही. खो-खोचे एक आखलेले मैदान, दोन पक्क्या पायऱ्या, पावसाळ्यात वापरता येईल अशी समाजमंदिराची पडवी आणि संध्याकाळी मैदानावर एक दिवा, या गोष्टी विकास आराखड्यात सहज बसतात. दिव्याचे महत्त्व मुलींच्या दृष्टीने अधिक आहे. काळोख पडला की त्यांचा खेळ संपतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला असतात आणि मच्छीमार वाड्यांतील थोरली माणसे घरी असतात. शाळेचे पहिले आठवडे नेमके याच काळात येतात. वर्षाची पहिली चाचणी त्या वेळी व्हरांड्यात घेतली, तर वडिलांना बोलावून समोर बसविता येते.

दुसरी चाचणी आठ ते दहा आठवड्यांनी, त्याच पायरीवर, दिवसाच्या त्याच वेळी आणि शक्यतो त्याच शिक्षकाने घ्यावी. मुलाला त्याचा मागील आकडा चाचणीपूर्वी सांगू नये. नंतर दोन्ही आकडे त्याला एकट्याला दाखवावेत, शेजारच्या मुलाचा दाखवू नये.